घरी बसवलेली

चक्कीवर दळण घेऊन आलेल्या ललिताबाईंनी सगळ्या बायांदेखत विचारलं, "काय वो राखी, पोरगी घरी बसवली म्हणते?"

"बसवली नाही मावशी. घरी शिकवतो आमी तिले."

"तेच ना. घरीच हाय ना?"

"घरी हाय, पन शिकते."

"हो वो, शिकलं पायजे. भाकर थापता येते का तिले आता?"

बाया हसल्या. राखीही हसली, कारण चक्कीवर रागावणं म्हणजे गावाला आठवडाभराचा विषय देणं. पण पिठाचा डबा कमरेवर घेऊन घरी येताना 'बसवली' हा शब्द तिच्या मागे मागे येत राहिला. या भागात तो शब्द फक्त मुलींसाठी आहे. मुलगा शाळा सोडतो. मुलीला घरी बसवतात. शाळा सुटली, आता ती चूल सांभाळेल, धाकट्यांना पाहील आणि मग स्थळं येतील, एवढं सगळं त्या एका शब्दात मावतं आणि कोणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

राखीला मात्र समजावून सांगावं लागत होतं. ती वाशिमची, बी.एस्सी., बी.एड. झालेली. लग्नानंतर काही वर्षं मंगरूळपीरला एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवायला जात होती. पुढे त्यांनी बोलावणं बंद केलं. नवरा पवन याचं मंगरूळपीरलाच ठिबकच्या सामानाचं दुकान आणि आसेगावकडच्या रस्त्याला लागून वडिलोपार्जित वावर. एकच मुलगी, संस्कृती. तिला शाळेतून काढायचं, हा निर्णय त्या दोघांनी काही हौसेने घेतला नव्हता.

आठवीत संस्कृतीचं पोट दुखायला लागलं. शाळेच्या दिवशी दुखायचं, रविवारी नाही. डॉक्टरांना काही सापडलं नाही. राखीला सापडलं, पण ते फार उशिरा. विज्ञानाचे सर गाइडमधली उत्तरं फळ्यावर उतरवून देत आणि पोरं ती वहीत उतरवून घेत. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, हे पुस्तकात होतं. संस्कृतीने विचारलं, "सर, लाल काहून होते?" सर म्हणाले, "परीक्षेले येत नाही ते." तिने पुन्हा विचारलं. त्यावर सरांनी तिचं नाव 'शास्त्रज्ञ' ठेवलं. मग ती बोलायला उठली की मागच्या बाकांवरून आवाज यायचा, "आली, शास्त्रज्ञ आली." हळूहळू तिने उठणं सोडलं, मग बोलणं सोडलं आणि शेवटी पोट दुखायला लागलं.

राखी शाळेत जाऊन भेटली. सर म्हणाले, "गंमत असते हो मॅडम. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला सांगायचं काय?" त्या दिवशी फाट्यावर उतरून गावाकडे चालताना तिने ठरवलं.

पवनने एकदम हो म्हटलं नाही. त्याच्या काळज्या त्याने एकेक करून समोर ठेवल्या. दहावीचं काय? राखी म्हणाली, सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून देता येते. प्रयोगांचं काय? ती म्हणाली, शाळेत तरी कुठे होतात. खेळ? मैत्रिणी? पुढे कॉलेजात गेल्यावर ही पोरगी चार लोकांत बोलेल का? उद्या आपल्यालाच म्हणाली की तुम्ही माझी शाळा तोडली, तर? हा शेवटचा प्रश्न राखीचाही होता. पण पोरगी रोज सकाळी पोट धरून बसत होती आणि तिला तसंच बसमध्ये ढकलण्यासाठी लागणारं मन दोघांकडेही नव्हतं. जून महिन्यात संस्कृती घरी राहिली. पंधरवड्यात पोट दुखायचं थांबलं. महिन्याभरात ती पुन्हा प्रश्न विचारायला लागली, इतके की पवन जेवताना हात जोडायचा.

राखीने आपल्या परीने सगळ्या काळज्या करून पाहिल्या होत्या. एक राहून गेली.

चार घरं सोडून हरीओम आणि सोजरबाईचं घर. त्यांची थोरली प्रांजली ही संस्कृतीच्या वर्गातली, पहिलीपासूनची. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे मंगरूळपीरला जायचं, तर गावापासून फाट्यापर्यंत तुरीच्या आणि सोयाबीनच्या वावरांमधून गाडीवाट, आणि फाट्यावरून बस. त्या वाटेने एकटी मुलगी जात नाही. असा नियम कोणी केलेला नाही, तरी तो सगळ्यांना माहीत आहे. दोघी असल्या की जातात. दोघींपैकी एकीला ताप आला तर दुसरीचीही त्या दिवशी सुट्टी. याला म्हणतात सोबत. सोबत मागावी लागत नाही आणि दिलीही जात नाही. रोज सकाळी प्रांजली फाटकाशी येऊन "संस्कूऽऽ" अशी हाक मारायची आणि दोघी निघायच्या, एवढंच.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी तशीच ती आली. नवं दप्तर, वेण्यांना लाल रिबिनी. राखी फाटकापाशी गेली आणि म्हणाली, "बेटा, संस्कृती आता शाळेत नाही येनार. तू जाय."

"हो काकू," म्हणून प्रांजली वळली. ती कोणत्या बाजूला वळली, हे राखीने पाहिलं नाही.

तिला ते कळलं श्रावणात, स्वतःच्याच वावरात. निंदणाला मजूर बाया लावलेल्या होत्या. राखी त्यांच्यासाठी चहाची किटली घेऊन गेली. सोयाबीनच्या तासात, पिकाच्या ओळींमध्ये, बाया बसलेल्या, अंगात नवऱ्यांचे जुने शर्ट घातलेले. शेवटच्या तासातला शर्ट फारच सैल दिसला. आत प्रांजली होती.

"अगं, तू इथं? शाळा?"

प्रांजलीने विळा बाजूला ठेवला नाही. "नाही जात काकू."

"काहून?"

तिला हा प्रश्नच अवघड वाटला असावा. तिने एकदा राखीकडे पाहिलं, एकदा बाजूच्या बायांकडे, आणि म्हणाली, "सोबत नाही ना."

कुठलीशी बाई म्हणाली, "चहा थंडा व्हून राह्यला बाई." राखीने चहा ओतला. पेल्यांत किती ओतलं हे तिला समजत नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती सोजरबाईकडे गेली. सोजरबाई अंगणात तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होती. तिने बसायला पोतं टाकलं.

"सोजरताई, प्रांजलीले शाळेतून काहून काढलं?"

"काढलं कुठी? नाव हाय ना शाळेत."

"पन जात नाही ती."

"कोनासंग जाईन?" सोजरबाईने खराटा जमिनीवर आपटून काड्या सारख्या केल्या. "तुमची जात होती तं माही जात होती. फाट्यावर काय पोट्टे राह्यतात ते तुमाले मालूम हाय. एकटी पोरगी धाडू?"

"दुसरी कोणी..."

"दुसरी कोन हाय तिच्या बरोबरीची? अन् खरं सांगू काय राखीताई, तिचा बाप पयलेपासून नाहीच म्हने. मीच भांडत होतो. म्या त्याले म्हणो, थे पवनभाऊची बायको येवढी शिकेल बाई, थे आपली पोरगी धाडते, मंग काही तं असनच ना शाळेत." ती थांबली. पुढचं बोलणं टोचणारं आहे हे तिला कळत होतं, पण ते तिने गिळलं नाही. "आता थे मले म्हनते, पाह्य, तिनं बी बसवली. शिकेल बाईनं बसवली. आता बोल म्हनते. मी काय बोलू?"

"मी बसवली नाही सोजरताई. मी शिकवते तिला घरी."

"तुमाले येते शिकवता. मले येते काय?"

राखीने जे सुचलं ते बोलून टाकलं. "तिला माझ्याकडे धाडा. दोघींना शिकवते. पुढं दहावी बाहेरून देऊ."

सोजरबाईचा चेहरा उजळला, आणि राखीला वाटलं की निभलं. नंतर तिच्या लक्षात आलं की तो चेहरा वेगळ्याच गोष्टीसाठी उजळला होता. पोरगी घरच्या घरी राहील, चार घरांपलीकडे जाईल, गाडीवाट नाही, फाटा नाही, आणि वर शिकतेही आहे असं म्हणता येईल.

पोळ्यानंतर प्रांजली यायला लागली. सकाळचं सगळं काम उरकून यायची, त्यामुळे तिच्या हाताला शेणाचा नाहीतर कांद्याचा वास असायचा. ती मंद नव्हती. राखीने पहिल्याच आठवड्यात पांढऱ्या फडक्यावर हळद लावली, दोघींच्या हातात साबणाची वडी दिली आणि डाग लाल होऊ दिला. मग लिंबू पिळायला सांगितलं. डाग पुन्हा पिवळा झाला.

"अरे बाप्पा!" प्रांजली म्हणाली. "म्हणजे हळद सांगते काय, हे खारं हाय का आंबट?"

संस्कृतीने आईकडे पाहिलं. ते उत्तर तिला द्यायचं होतं.

दिवाळीपर्यंत प्रांजली रोज आली. सोयाबीनच्या सोंगणीत, कापणीच्या धांदलीत, आठ दिवस आली नाही, मग कापूस वेचायला जायला लागली, मग धाकट्या भावाला गोवर निघाला. संस्कृती शिकून झालेल्या धड्यांवरून परत परत मागे यायला कंटाळू लागली. "आई, तिच्यासाठी मी कितीदा थांबू?" राखी तिला रागावली आणि मग स्वतःवर चिडली, कारण पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. शाळेत घंटा होते म्हणून पोरगी घरच्या कामातून सुटते. राखीच्या घरात घंटा नव्हती. सोजरबाईच्या हाकेपुढे तिची शाळा बंद व्हायची.

तिने पवनला विचारलं, "तुम्ही रोज दुकानात जाता. तिला मागे बसवून शाळेत सोडलं तर?"

पवनने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने शेत विकायला सांगितलं. "लोकाची जवान पोरगी रोज गाडीवर बसवू? उद्या तिच्या बापानं माह्या दुकानापुढं तमाशा केला मंग?"

"मग कोणी काहीच करायचं नाही?"

"करता येते ना. आपली धाड शाळेत. दोघी जातीन."

तो हे चिडून बोलला होता, पण बोलणं सरळ होतं. सोजरबाईनेही तेच ऐकवलं. संक्रांतीच्या वाणाला राखीने विषय काढला तेव्हा हातातला तिळगूळ तसाच ठेवून ती म्हणाली, "तुमची धाडा राखीताई, मी माही उद्या धाडतो. बापाले मी पाहून घेतो."

राखी म्हणाली, "जूनमध्ये पाहू."

घरी आल्यावर पवन म्हणाला, "काय पाहनार हाय तू जूनमध्ये? पोट दुखते तिचं. आपली पोरगी काय दुसऱ्याच्या पोरीची सोबत म्हणून जल्माले आली?"

"मग त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, आपली धाड."

"म्या म्हटलं म्हणून काय झालं? तू आई हाय ना तिची?"

ती आई होती, आणि म्हणूनच तिला बाहेरच्या माणसासारखं या प्रकरणाकडे पाहता येत नव्हतं. आपली पोरगी सुखात ठेवायची तर दुसरीची वाट बंद होते. दुसरीची वाट उघडायची तर आपल्या पोरीला त्या वर्गात परत बसवायचं. यात तिसरा रस्ता असेल, असं ती जूनपर्यंत स्वतःला सांगत राहिली.

जून आला. एका सकाळी संस्कृती स्वतःहून आठवीचा गणवेश घालून स्वयंपाकघरात उभी राहिली. कुर्ता आखूड झाला होता आणि बाह्या कोपराच्या वर गेल्या होत्या. "मी जाते," ती म्हणाली. "प्रांजूसाठी जाते." तिला कोणी सांगितलं नव्हतं; घरात दोन माणसं भांडतात तेव्हा तिसऱ्याला सांगावं लागत नाही. राखीने तिला जवळ घेतलं आणि नवा गणवेश शिवायला टाकू म्हणाली. दुसऱ्या दिवशी संस्कृतीचं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी तिने जेवण केलं नाही. पाचव्या दिवशी राखीने गणवेशासाठी आणलेलं कापड कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. सोजरबाईकडे निरोप जायचा होता, तो गेला नाही. निरोप न जाणं हाच निरोप, हे गावात सगळ्यांना समजतं.

पावसाळ्यात प्रांजली आठवड्यातून एकदा यायची. थंडी पडेपर्यंत तेही थांबलं. तुरी सोंगून झाल्या आणि हरीओम स्वतः घरी आला. हातात सुपारी होती.

"पवनभाऊ, पोरीचं साक्षगंध ठरलं. अनसिंगचे पाव्हणे हायेत. मॅडमले घेऊन यायचं बरं."

राखी पुढे झाली. "हरीओमभाऊ, तिला आत्ता सोळावं लागलं. हा गुन्हा आहे."

हरीओम चिडला नाही. तो शांतपणे म्हणाला, "लग्न कुठी करून राह्यलो मॅडम? साक्षगंध हाय. लग्न अठरा झाल्यावर. आमाले बी कायदा समजते." मग फाटकाशी वळून म्हणाला, "अन् तोवर काय, घरीच हाय ना ते. तुमच्यासारखं."

बालविवाहाची तक्रार कुठे करायची, हे राखीला पाठ होतं. पण अंगठी घालण्याविरुद्ध तक्रार घ्यायला कोणी बसलेलं नव्हतं. ती न जाण्याचा विचार करत होती, पण संस्कृती म्हणाली, "मी जाईन. तिनं बोलावलं मला." पोरीला एकटी कशी धाडायची म्हणून राखीही गेली. सोजरबाईचंच वाक्य आपण म्हटलं, हे तिच्या ध्यानात आलं.

मांडवात अनसिंगच्या बाया एका बाजूला बसल्या होत्या. मुलाची आत्या कमलीबाई त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने बोलणारी. नवऱ्याकडून आलेली साडी नेसून प्रांजली पाटावर बसली होती. मोतिया रंगाची, लाल काठाची. एवढी मोठी दिसत होती की संस्कृतीने तिला आधी ओळखलंच नाही. हळद-कुंकू लावताना कोणाचा तरी धक्का लागला आणि कालवलेली हळद पदरावर सांडली.

"अवो, नवीन साडी!" कमलीबाईने पदर हातात घेतला, पोरीला पाण्याच्या ड्रमापाशी नेलं आणि साबणाची वडी घासली. पिवळा डाग बघता बघता रक्तासारखा लाल झाला.

सोजरबाईने तोंडावर हात ठेवला. एक म्हातारी बोलली, "हे काय वं बाई, पाटावरच!" अनसिंगच्या पुरुषांपैकी एक जण उठून उभा राहिला.

राखीच्या मनात त्या एका क्षणात जे आलं ते तिने नंतर कधी कोणाला सांगितलं नाही. मोडू दे, असं तिला वाटलं. डागावरून मोडत असेल तर डागावरून मोडू दे.

"काही नाही झालं," प्रांजली म्हणाली. आवाज बारीक होता, पण गडबडलेला नव्हता. "साबन खारा असते म्हणून लाल दिसते. लिंबू लावा, पिवळं होते."

कोणीतरी लिंबू आणलं. तिने स्वतःच पिळलं. डाग पिवळा झाला. सुटकेचा श्वास सगळ्या मांडवाने एकदम सोडला आणि हशा उसळला. उठलेला माणूस खाली बसला.

"पोरगी हुशार हाय वो!" कमलीबाई म्हणाली. "कुठी शिकली हे?"

"घरीच," सोजरबाई म्हणाली. तिचा आवाज परत आला होता आणि त्यात आता अभिमान होता. "या राखी मॅडमजवळ. पोरीले बाहेर फिरू न देता शिकवलं आमी. कितवी म्हनाल तं..." तिने राखीकडे पाहिलं. "सांगा ना मॅडम."

सगळ्या बाया राखीकडे वळल्या. प्रांजली ओला पदर हातात धरून उभी होती. तीही पाहत होती. राखीला वाटलं, आत्ता सांगावं की ही मुलगी नववीतही नीट बसलेली नाही, हिला शिकायचं आहे, हिला या साडीतून काढा. पण सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता तो तिलाच. तुमची कुठी शिकते?

"हुशार आहे," ती म्हणाली.

"बस," कमलीबाई म्हणाली. "अशीच पायजे होती आमाले. घरी शिकेल पोरगी. शाळेतल्या पोट्ट्याइचं एक एक ऐकतो, नको वाटते." तिने संस्कृतीकडे बोट केलं. संस्कृती राखीच्या मागे सरकली होती. "अन् हे कोनाची वो? हे बी घरीच हाय ना?"

राखीने तोंड उघडलं. ते वाक्य तिने चक्कीवर, फाट्यावर, नातेवाइकांत इतक्यांदा म्हटलं होतं की ते आपोआप यायला हवं होतं. ते आलं नाही.

तिच्या वतीने सोजरबाईच बोलली, मोठ्या कौतुकाने, मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"हो ना. गावात पयले त्याईनंच तं बसवली."

राखीच्या हातावर कोणीतरी साखर ठेवली.